हातगुण सुंदराबाईचा

माळशेजच्या अंगाने रात्रभर वाहिलेलं वारं पहाटे एकदम पडलं की डिंगोऱ्यात धुकं उतरतं. त्या दिवशी असं उतरलं होतं, की सुंदराबाईला दारातून अंगणातली चूलसुद्धा दिसेना. कांद्याच्या वाफ्यांवर दव तर इतकं, की रात्रीतून कुणी पाणी भरून गेलं असावं. तिने घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली, चपलेत पाय कोंबले आणि शेडकडे निघाली. तोंडातून वाफ निघत होती आणि वाफेबरोबर शब्दही.

"आज तरी लाजा, सटव्यांनो. आज तरी!"

शेड म्हणजे पूर्वीचं कोकरं कोंडायचं खोपट. वर पत्रा, तीन बाजूंनी कूड, आणि शेजारच्या बांधाकडे तोंड केलेल्या चौथ्या बाजूला नुसती जाळी. दाराला कडी, कडीला तार, तारेपुढे बाभळीची काटेरी फांदी. बिबट्याच्या मुलखात कोंबडी पाळायची म्हणजे दार उघडण्यातच निम्मा जीव जातो. काटा बोटात घुसला, तो तिने दाताने ओढून काढला आणि दार लोटलं.

कोंबड्या बाहेर आल्या त्या पंगतीत पहिलं पान न मिळालेल्या पाहुण्यांसारख्या. तोंडं रुसलेली, पण पावलांना घाई. आत पिसांचा सडा पडला होता. कुणाची शेपूट झडलेली, कुणाची मान उघडी पडलेली. सुंदराबाई वाकून कुडाशेजारी मांडलेल्या भुशाच्या पाट्या चाचपत गेली. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. तिसरीत हाताला गोल, गार काहीतरी लागलं आणि तिचा जीव क्षणभर हरखला. मग आठवलं, की हा चुना लावलेला गोटा आपणच ठेवलाय. अंडं समजून कोंबडीने शेजारी बसावं म्हणून. कोंबड्या काही फसल्या नव्हत्या. रोज पहाटे अंधारात फसत होती ती सुंदराबाईच.

ती हात हलवत परत आली, तर ओट्यावर तिचा थोरला, सोमनाथ, दात घासत उभा. आळेफाट्यावर त्याचं गॅरेज आहे. माणसापेक्षा गाडीशी त्याचं जास्त जमतं.

"किती घावली, आये?"

"घावली तुझ्या बापाचं डोकं!"

"मग त्या गोट्याचंच आमलेट टाक आज."

सुंदराबाईने ओट्याशी टेकवलेला खराटा उचलून भिरकावला. सोमनाथ सरकला नाही. गेले काही आठवडे खराटा रोजच येत होता.

सुंदराबाईचा जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा. म्हणजे घरात नव्हेच. उघड्या रानात, घोड्यावरच्या ओझ्याशेजारी. लग्न झालं तेही मेंढरंवाल्याशीच. नवरा राघू दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणात शेताशेतातून खतासाठी मेंढरं बसवायचा आणि पावसाच्या तोंडावर वर यायचा. सुंदराबाई निम्मं आयुष्य त्या कळपामागे चालली. डोक्यावर बिऱ्हाड, कडेवर पोर, आणि तोंडाने अखंड हाकाटी. मग एका साली गुडघ्याने मान टाकली. राघू म्हणाला, "आता तू घरी ऱ्हा." घरी राहणं हे तिला शिक्षेसारखं वाटलं. घरी होतं काय? मेंढरं राघूची. जमीन सासूच्या, साळुबाईच्या नावावर. घर सोमनाथने गॅरेजच्या कमाईवर बांधलेलं. सगळ्यांचं काही ना काही होतं. हिचा फक्त आवाज होता.

तेव्हा तिने कोंबड्या आणल्या. आधी थोड्या, मग त्यांची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं. साळुबाईने नाक मुरडलं होतं. "मेंढरामागं चालनाऱ्या बाईनं कोंबडीमागं पळावं, ह्ये कुनाच्या घरात ऐकलं न्हाई." पण अंडी यायला लागली आणि म्हातारीच रोज सकाळी उकडलेलं अंडं मागू लागली. गावातली माणसं दारात यायला लागली. बाळंतिणीला अंडी हवीत, सुंदराबाईकडे जा. पोराच्या छातीत कफ झालाय, सुंदराबाईकडे जा. पहिल्यांदाच आयुष्यात तिच्या दाराला तिच्या नावाने माणूस येत होतं.

आणि मागच्या वर्षी तर कहर झाला. पौषात सगळ्या गावच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. थंडी पडली की ते ठरलेलंच. पण सुंदराबाईच्या थांबल्या नाहीत. ऐन गारठ्यात पाट्या भरत होत्या. बचत गटाच्या बायका तिला विचारायला आल्या, आणि सुंदराबाईने, खोटं कशाला बोला, पदर खोचून भाषणच ठोकलं. बाजरी भिजवून द्यायची. सुकट कुटून द्यायची. कांद्याची पात चिरून द्यायची. "आन् सगळ्यात म्हत्त्वाचं," ती म्हणाली होती, "हाताला गुन पायजे. त्यो काय इकत मिळत न्हाई." बायकांनी माना डोलावल्या. एकीने तिच्या हाताला हात लावूनसुद्धा बघितला.

यंदा तोच हात, तीच बाजरी, तीच सुकट. आणि पाटीत गोटा.

आधी तिला वाटलं, सापाने अंडी खाल्ली. तिने शेड पालथी घातली. साप सोडा, सरडाही निघाला नाही. मग साळुबाई म्हणाली नजर लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, शेडच्या दाराला काळी बाहुली झाली. त्या बाहुलीचे धागे कोंबड्यांनीच उपटून खाल्ले. मग सोमनाथने मोबाइलवर कुठला तरी हिंदी व्हिडिओ लावून दिला. त्यातला माणूस आधी बराच वेळ चॅनेलला सबस्क्राइब करा म्हणून सांगत होता, आणि शेवटी म्हणाला लसूण द्या. सुंदराबाईने लसूण दिला. अंडी आली नाहीत. शेडमधून नुसता फोडणीचा वास यायला लागला.

कोकणातून राघूचा फोन यायचा. डोंगराच्या आडून त्याचा आवाज तुटत तुटत यायचा.

"काय म्हनत्यात कोंबड्या?"

"काय म्हननार? बसून खात्यात. तुमच्या भैनीवानी."

"खाद्य बदललं का?"

"न्हाई बदललं. तुमी तिकडं मेंढरं बघा."

"थंडी जास्त हाय का?"

"मागल्या वर्षी काय उनाळा व्हता का या दिसांत? ठिवा फोन!"

शेवटी ती गुरांच्या दवाखान्यात गेली. सोबत पिशवीत एक कोंबडी, पुरावा म्हणून. डॉक्टर पोरगेला होता, पण शहाणा. त्याने कोंबडीची चोच उघडून बघितली, पोट दाबून बघितलं, तुरा बघितला. म्हणाला, आजार काही नाही. पिसं बदलतेय, आराम करतेय. मग विचारलं, "मावशी, उजेड किती तास मिळतो यांना?"

"आता गं बया! उजेड काय मापून मिळतो का? सूर्व्या उगावला की उजेड, बुडाला की अंधार. तुमच्याकडं काय येगळं असतंय?"

"नाही, दिवस लहान झाला की कोंबडी अंडी घालणं बंद करते. थंडीमुळे नाही, उजेडामुळे. मागच्या वर्षी घालत होत्या म्हणता, तर काही बदललंय का?"

"काय बी बदललं न्हाई," सुंदराबाई ठासून म्हणाली. "समदं त्येच हाय."

डॉक्टरने कॅल्शियमची बाटली लिहून दिली. ती बाटली हातात घेऊन सुंदराबाई घरी आली ती त्याच्या नावाने बोटं मोडतच. उजेडाचं सांगतोय शहाणा! अंडं कोंबडी घालते का सूर्य?

आता खरं म्हणजे 'काय बी बदललं न्हाई' हे काही खरं नव्हतं. पण जी गोष्ट बदलली होती तिचा कोंबड्यांशी संबंध असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्या हिशेबात ते भांडण होतं, आणि ते तिने जिंकलं होतं.

बांधापलीकडचं रान बुद्धभूषणचं. माणूस एसटीत ड्रायव्हर होता. आयुष्यभर घाट चढला-उतरला आणि निवृत्त होऊन ड्रॅगनफ्रूट लावून बसला. सिमेंटचे खांब आणि त्यांना लटकलेली निवडुंगासारखी झाडं. त्या झाडाला हिवाळ्यात फूल येत नाही. मग त्याला फसवायला, अजून दिवस मोठाच आहे असं वाटायला, बुद्धभूषणने मागच्या वर्षीपासून ओळींवर बल्ब टांगले. दिवस मावळला की अख्खं रान लखलखायचं. मंचरहून माणसं गाड्या करून बघायला यायची. सुंदराबाईनेही पहिल्या वर्षी कौतुक केलं. बुद्धभूषणची बायको यशोधरा अंडी न्यायला यायची, तेव्हा दोघी शेडजवळच्या दगडावर बसून त्या उजेडात शेंगा फोडायच्या.

पण यंदा दिवाळीनंतर बल्ब वाढले. त्या उजेडाला पाकोळ्या येत, आणि पाकोळ्या थेट सुंदराबाईच्या आमटीत पडत. कोंबडा भलत्या वेळी आरवायला लागला. साळुबाईला झोप येईना, म्हातारी रात्रभर उठून "उजाडलं का गं, सुंदरे?" विचारायची. एका संध्याकाळी ताटात तिसरी पाकोळी पडली, आणि सुंदराबाई ताट तसंच हातात घेऊन बांधावर गेली.

"भूषणभाऊ, ह्ये बघा! ही भाजी हाय का किड्याची चटनी?"

"वैनी, झाडाला फूल धरेपर्यंत थोडे दिवस सोसा की."

"तुमच्या झाडाला फूल धरावं म्हून आमी डोळ्याला फडकं बांधून निजायचं व्हय? उभा जलम गाडी चालवली, आन् रिटायर झालं तरी हेडलाइट बंद करता येईना! समोरून मानूस येतंय तर डिपर मारावा, एवढी बी रीत न्हाई?"

हे जरा जास्तच झालं. बांधावर चार माणसं जमली होती, ती हसली. बुद्धभूषण हसला नाही. ज्याने सगळ्या नोकरीत एकही अपघात केला नाही, त्याला डिपर शिकवणं म्हणजे पुजाऱ्याला घंटा शिकवण्यासारखं. तो दुसऱ्या दिवशी कुठूनसे जुने फ्लेक्स घेऊन आला आणि बांबू रोवून सगळ्या बांधाने आडवे बांधून टाकले. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. मधे तो पुढारी हात जोडून, आणि भोवती शुभेच्छुकांची छोटी छोटी तोंडं, काळे चष्मे घातलेली. छापील बाजू नेमकी सुंदराबाईच्या शेडकडे.

"ही थोबाडं आमच्याकडं कशापाई?" तिने ओरडून विचारलं होतं.

"मागची बाजू पांढरी असते, वैनी. उजेड उलटून माझ्याच झाडावर पडतो. तुमच्याकडं एक थेंब यायचा नाही आता."

बोलणं संपलं. यशोधराही यायची थांबली. सुंदराबाई म्हणत राहिली, न आली तर न आली, माझं काय अडलंय. पण संध्याकाळी शेंगा फोडताना तिचा हात मंद चालायचा, आणि समोरून काळे चष्मेवाले टक लावून बघत असायचे.

पौष निम्मा सरला तेव्हा सोमनाथने विषय संपवला. आळेफाट्यावर गेणभाऊचं हॉटेल आहे. गावठी कोंबडीच्या रश्श्यासाठी लांबून गाड्या थांबतात. सोमनाथ त्याच्याशी बोलूनच आला.

"रविवारी सकाळी गेणभाऊ टेम्पो घेऊन येतोय. समद्या घेऊन जातो म्हनला."

"समद्या?" सुंदराबाईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मग काय करायचं ठिवून? खात्यात, घान करत्यात, अंडं न्हाई. आन् बिबट्याला दारात बोलवायची सोय. आये, आता पुरं झालं. आराम कर की जरा."

"आराम कर म्हंजी काय कर?"

"म्हंजी... टीव्ही बघ. मंदिरात जा."

सुंदराबाईने लाटणं पोळपाटावर आपटलं. पण भांडायचं तरी कशाच्या जोरावर? काय म्हणणार? अंडी नाहीत हे तर खरंच होतं. 'माझ्या हाताला गुण आहे' हे आता सांगायची सोय नव्हती. कोंबड्या गेल्या की दारात तिच्या नावाने कोण येणार? तिला एकदम ती रिकामी शेड दिसली, आणि त्या शेडसमोर टीव्ही बघत बसलेली आपण.

शुक्रवारी ती कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढत होती, तर पेंढीमागून दोन अंडी घरंगळली. आत हात घातला, अजून निघाली. सुंदराबाईने अशी आरोळी ठोकली की साळुबाई काठी टाकून धावत आली.

"आत्याबाई, घावली! लपवून घालत्यात! मी म्हनत व्हते ना!"

मग अख्खा दिवस तिने घराभोवतीची जागा उकरून काढली. सरपणाचा ढीग, मोटारीचं खोकं, कांद्याची चाळ, सोमनाथचे जुने टायर. कुठेच काही नाही. अंडी फक्त त्या गंजीत, आणि गंजीत बसत होती एकच टोळी: मान बोडकी असलेली ती आगाऊ कोंबडी आणि तिच्या दोन मैत्रिणी. सुंदराबाईने तिघींना धरलं. मेंढरंवाल्या बाईचे हात. तिने कोंबडी उलटी करून शेपटाखालच्या दोन हाडांत बोटं घातली. हाडं ऐसपैस. अंडं घालणारी कोंबडी अशी लागते. तुरा तांबडा लाल, हाताला कोमट. बाकीच्यांची हाडं बघितली तर चिकटलेली, तुरे फिके पडून सुकलेल्या मिरचीगत.

"ह्या तिघींना काय येगळं खायाला घालते का मी?" ती स्वतःवरच खेकसली. "एकाच पातेल्यातलं खातायसा ना, गं?"

उत्तर शनिवारी दिवस मावळताना मिळालं, आणि तेही ती रागाने लाल झालेली असताना. बोडकी आणि तिच्या मैत्रिणी शेडमध्ये येईनात. कधीपासून येत नव्हत्या कुणास ठाऊक. आता लक्षात आलं. तिघी बांधावरच्या शेवग्यावर चढून बसल्या होत्या, अगदी शेंड्याकडे. खाली बिबट्याची वाट, आणि ह्या राण्या वर झोपायला.

"उतर, रांडंच्ये! खाल्ला तर त्यालाबी अजीर्न व्हईल!"

दगड मारले, काठी हलवली. बोडकीने नुसती मान वाकडी करून बघितलं. शेवटी सुंदराबाईने पदर खोचला, गुडघ्याला शिव्या दिल्या, बांधाच्या दगडावर पाय ठेवला, तिथून शेवग्याच्या बेचक्यात दुसरा, आणि स्वतःला वर ओढलं. डोकं फ्लेक्सच्या वर निघालं मात्र, आणि तोंडावर भस्सकन उजेड पडला.

ती डोळे मिचकावत राहिली. फ्लेक्सच्या पलीकडे दुपार होती. ओळीच्या ओळी बल्ब, त्यांच्याखाली हिरवीगार झाडं, पांढऱ्या फ्लेक्सवरून उलटून येणारा उजेड. आणि अलीकडे, तिच्या पायाखाली, तिची शेड. काळीकुट्ट. आत कोंबड्या केव्हाच झोपलेल्या. आणि तिच्या नाकासमोर, दोन्ही जगांच्या मधल्या फांदीवर, बोडकी. ऐन उजेडात, टक्क जागी, चोचीने पंख साफ करत.

*काही बदललंय का?* डॉक्टरने विचारलं होतं.

सुंदराबाई त्या बेचक्यात तशीच लटकत राहिली. मग तिच्या तोंडून हळूच निघालं, "अगं आई गं... अंडी म्याच भांडून घालवली व्हय!"

आणि त्यापेक्षाही वाईट विचार मागून आला. मागच्या हिवाळ्यातली अंडी. ती बाजरी, ती सुकट, ते भाषण. बचत गटाच्या बाईने चाचपून बघितलेला हात. सगळा गुण बुद्धभूषणच्या बल्बांचा होता.

"हसू नगंस," ती बोडकीला म्हणाली, आणि पाय धरून तिला खाली ओढलं.

रविवारी धुकं विरायच्या आत ती बांधावर उभी होती. बुद्धभूषण मफलर गुंडाळून खांबाच्या तारा बघत होता.

"भूषणभाऊ. ही मानसं खाली घ्या."

"कोणती माणसं?"

"ही. फ्लेक्सावरली."

"का? आता यांच्यामुळंबी झोप येत नाही का?"

"तसं न्हाई." तिने पदराचं टोक पिळलं. असं सांगण्यापेक्षा घाट चढणं सोपं. "माझ्या कोंबड्यांना तुमचा उजेड लागतो."

बुद्धभूषणने हातातली तार सोडली. मग मफलर सोडून पुन्हा बांधला. "म्हणजे मागच्या वर्षी तुमच्या पाट्या भरत होत्या, त्या..."

"व्हय."

"आणि गटात जो हातगुण सांगितला होता..."

"व्हय म्हनलं ना! कितीदा वदवून घेताय?"

"नाही, नाही. ऐकायला बरं वाटतंय." तो खरोखरच हसत होता, दिवाळीनंतर पहिल्यांदा. मग गंभीर झाला. "पण वैनी, तुम्ही मला चार माणसांत डिपर मारायला शिकवलं होतं. ते मी विसरलो नाही. मी हे बांधलं तुमच्या शब्दावर. सोडायचं तर तुमच्या हातानं सोडा. मी शिडी धरतो."

"गुडघा माझा..."

"शेवग्यावर चढला तेव्हा नव्हता का गुडघा? यशोधरानं बघितलंय खिडकीतून."

सुंदराबाई चढली. दवाने गाठी आवळल्या होत्या. एकेक गाठ तिने दाताने सोडवली, आणि प्रत्येक गाठीला एक शिवी. कुणाला ते तिलाच माहीत. पुढारी अर्धा लोंबायला लागला होता, तेवढ्यात अंगणात टेम्पोचा हॉर्न वाजला. गेणभाऊ उतरला, हातात जाळीची खोकी. मागून सोमनाथ.

"आये! तिकडं शिडीवर काय करतीस? कोंबड्या कुठं हायेत?"

"शेडात. आन् तिथंच ऱ्हात्याल."

"अगं, गेणभाऊ येवढ्या लांबनं आलाय..."

"येऊ दे. च्या पाज." ती शिडीवरूनच बोलत होती, आणि तिच्या आवाजाला उंची मिळाल्याने तो दोन्ही रानांत पुरत होता. "सोमनाथ, तुझ्या गॅरेजात एकांदी गाडी चालू हुईना, तर तू ती लगेच भंगारात देतुस का आधी वायर बघतुस?"

"वायर बघतो. पन..."

"मी वायर बघितली. ही तुटली व्हती. म्याच तोडली व्हती." तिने फ्लेक्सकडे बोट केलं. "उजेड बंद झाला म्हून अंडी बंद झाली. मागल्या साली बी माझा हात न्हवता, भूषणभाऊचे बल्ब व्हते. झालं समाधान? जा, सांग आता आळेफाट्यावर!"

सोमनाथ बांधाजवळ आला. त्याने बल्बांकडे बघितलं, शेडकडे बघितलं, मधल्या फ्लेक्सकडे बघितलं. तो गाडीवाला होता. जोडणी त्याला दिसली. पण हार मानणं त्याच्याही रक्तात नव्हतं.

"आज उजेड आला म्हून काय उद्या अंडी येत्यात का?"

"न्हाई येत. पिसं भरून येऊ दे, तुरं लाल होऊ दे. येळ लागंल. तुझ्या येळी नऊ म्हैनं थांबले व्हते मी, त्या मानानं ह्ये काय न्हाई."

गेणभाऊ खो खो हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, "मावशी, समदं खरं. पन मी रिकामा टेम्पो घेऊन जाऊ का? आज रईवार हाय. गिऱ्हाईक माझा रस्सा करंल."

सुंदराबाई खाली उतरली. शेडमध्ये गेली आणि एकेक कोंबडी उचलून बघू लागली. ज्यांचं वय खरोखरच सरलं होतं, ज्यांच्या पायांवर खवले जाड झाले होते आणि ज्यांना उजेड काय नि अंधार काय, अशा मोजक्या तिने बाजूला काढल्या. प्रत्येकीला देताना तिचा चेहरा असा होता, की गेणभाऊने घासाघीस न करता घेतल्या. टेम्पो गेला. खोकी बहुतेक रिकामीच खडखडत होती.

बांधावर यशोधरा येऊन उभी होती. हातात चहाची किटली.

"अंडी न्हाईत तर न्हाईत," सुंदराबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "यायला काय झालं व्हतं?"

"तुमी तरी आला का?"

"मी कशी येनार? मधी ह्ये चष्मेवाले व्हते."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या नाहीत. अजून तेवढं जुळलं नव्हतं. पण चहा झाला. बुद्धभूषणने तोंड वाकडं करून सांगितलं की फ्लेक्स काढल्याने त्याच्या कडेच्या दोन ओळींना उजेड कमी पडणार. सुंदराबाई म्हणाली, मग कोंबडखत उचलून न्या, ओळींना घाला, पण दर वेळेला सांगून न्या, शेडचं दार उघडं टाकू नका, तुमच्या ड्रायव्हर लोकांना दार लावायची सवय नसते. बुद्धभूषण म्हणाला, दार कंडक्टर लावतो. या उत्तराचा सुंदराबाईला दिवसभर राग राहिला.

साळुबाई दारात बसून सगळं बघत होती. "म्हंजी आता परत उजेड का? मग माझ्या झोपंचं काय?"

"गोधडी तोंडावर घ्या, आत्याबाई."

"आन् पाकोळ्या?"

"दिवस बुडायच्या आधी जेवत जा. आन् आता मला काय इचारू नगा, डोकं उठलंय माझं सकाळधरनं!"

ती परड्यात गेली. शेणाचं घमेलं पहाटेपासून तसंच राहिलं होतं, वर साय धरल्यासारखी झाली होती. तिने बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि शेण कालवायला घेतलं. पाणी जास्त झालं होतं. तोंडाने 'कंडक्टर लावतो म्हनं, कंडक्टर' असं चालू ठेवत तिने मूठभर भुसा टाकला, पुन्हा मळलं, आणि पहिली गोवरी भिंतीवर थापली.